विकेंतीचा गुप्त उपास

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळावा तर विकेंती झावाद्स्कीनेच! वेर्बोवका गावाचं असं म्हणणं होतं, असं नाही. विकेंतीचं तसं म्हणणं होतं, आणि ते त्याने गावाला दरवर्षी न चुकता ऐकवलं होतं.

एका वर्षी त्याने सिगारेट सोडली. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, सकाळी सोडली आणि दुपारी बारापर्यंत ट्रॅक्टरच्या वर्कशॉपपासून पोस्टापर्यंत सगळ्यांना ते कळलं होतं. ज्या वर्षी साखर सोडली, त्या वर्षी तर तो कुणाच्याही घरी चहाला बसला की साखरेच्या भांड्याकडे बघून एवढा मोठा उसासा टाकायचा, की घरची बाई घाबरून भांडंच आत नेऊन ठेवायची. मग बाकीच्या पाहुण्यांनाही बिनसाखरेचा चहा प्यावा लागायचा. एका माणसाच्या उपासात अख्खं गाव ओढलं जायचं, याचा विकेंतीला अभिमान होता.

यंदा मात्र फादर तादेऊशनी घोळ घातला.

फादर तादेऊश दोन वर्षांपूर्वी पोलंडहून कझाकस्तानातल्या या गावात आलेले. वय जेमतेम तीस. त्यांना अजून गावातले कुत्रेही नीट ओळखत नव्हते. राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला राख लावून झाल्यावर ते म्हणाले, "यंदा खाण्यापिण्याचं राहू द्या. ज्याच्यावाचून तुमचं खरोखर अडतं, ते सोडा. आणि सोडलंय हे कुणालाही कळू देऊ नका! तोंड पाडून हिंडू नका. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, हसतमुख राहा. नवऱ्याचा उपास बायकोला कळता कामा नये!"

आणि हे बोलताना त्यांनी थेट तिसऱ्या बाकावर बघितलं. तिसऱ्या बाकावर विकेंती बसला होता.

विकेंतीला ते चांगलंच लागलं. 'बघाच आता,' तो मनात म्हणाला. 'असा गुप्त उपास करतो, की देवालासुद्धा शोधायला वेळ लागेल!'

तर काय सोडायचं? उत्तर त्याला लगेच सापडलं, आणि सापडलं नसतं तर बरं, असं वाटलं. ओराझबेककडचा डाव! रोज संध्याकाळी सहा वाजता विकेंती शेजारच्या ओराझबेककडे जायचा, आणि दोघं नऊ-नऊ खळ्यांच्या लाकडी पाटावर गोट्यांचा डाव मांडायचे. सव्वीस वर्षं! ओराझबेकच्या पोराच्या लग्नात दोन तास तेवढा खंड पडला होता. त्या डावाशिवाय संध्याकाळ म्हणजे काय, हे विकेंतीला माहीतच नव्हतं. म्हणजे सोडायचं ते हेच. ओराझबेकला सांगायचं नाही आणि बायकोलाही सांगायचं नाही.

आता अडचण बघा. सहा वाजता घरात बसून राहिला तर ब्रोन्याला लगेच कळणार. म्हणजे घरातून रोजच्यासारखं निघायला तर हवंच. पण जायचं कुठे? मार्च लागला तरी बाहेर उणे अठरा. चर्चला संध्याकाळी कुलूप. शेवटी विकेंतीने स्वतःचाच गोठा निवडला. गोठा उबदार होता. आत मालिना नावाची गाय होती आणि ती कुणाला काही सांगणार नव्हती.

पहिल्या संध्याकाळी त्याने तोंड धुतलं, सूर्यफुलाच्या तेलाची बाटली उघडली आणि डोक्यावर सढळ हाताने ओतली. केस चापून बसवले. आरशात बघून हसतमुखही होऊन बघितलं. मग स्वयंपाकघरातून दाराकडे निघाला.

ब्रोन्या बटाटे सोलत होती. तिने वर बघितलं. तेल कपाळावरून भुवईत उतरत होतं.

इथे ब्रोन्याबद्दल सांगायला हवं. ब्रोन्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की कडाक्याच्या थंडीत लोक आपापल्या खिडक्या जराशा उघडून ऐकायचे. विकेंतीने बूट न पुसता आत पाऊल टाकलं, तर ती बुटापासून सुरुवात करायची. तिथून सासूबाईंवर, सासूबाईंवरून १९९३ साली हरवलेल्या कुऱ्हाडीवर, आणि कुऱ्हाडीवरून पुन्हा बुटावर यायची, मध्ये श्वासही न घेता! अठ्ठावीस वर्षं रोज. विकेंती त्यात भाकरी खायचा, पेपर वाचायचा, डुलकीसुद्धा काढायचा.

तर आता हे डोक्यावर ओतलेलं तेल. विकेंतीने मान खाली घातली आणि वाट बघितली.

ब्रोन्याने तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा उघडलं.

"छान दिसतोयस," ती म्हणाली.

विकेंतीचा एक हात बाहीत, एक हात बाहेर, तसाच राहिला.

"काय म्हणालीस?"

"छान. जाऊन ये. गार वारं आहे, टोपी घाल."

तो गोठ्यात जाऊन बसला. जपमाळ काढली, पण पहिल्या मण्यापुढे बोट सरकेना. मालिनाने मान लांब केली आणि त्याच्या डोक्यावरचं तेल खरखरीत जिभेने चाटून घेतलं. विकेंतीला ते कळलंसुद्धा नाही.

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये विकेंती एकटाच बसला नव्हता, त्याच्या शेजारी ब्रोन्याही होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. विकेंतीच्या काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने परीक्षा घेतली. ब्रोन्याने जमीन पुसून नुकतीच फडकं पिळलं होतं. विकेंती अंगणात गेला, लोकरी बूट बर्फात चांगले बुडवले आणि पुसलेल्या जमिनीवरून वरातीत निघाल्यासारखा हळूहळू चालत खिडकीपर्यंत गेला. तिथून परत आला. मध्ये एक गोल चक्करही मारली.

ब्रोन्या बघत होती. तिची मान लाल झाली. मग कान लाल झाले.

"असू दे," ती म्हणाली. "तुझंच घर आहे. जशी तुझी मर्जी."

विकेंतीच्या अंगावर काटा आला. 'जशी तुझी मर्जी'! हे शब्द या घरात आजवर कुणी उच्चारलेच नव्हते!

'आजारी आहे,' त्याने ठरवलं. पण आजारी बाई एका हाताने पिंपात खारवायला ठेवलेल्या कोबीवरचा जड दगड उचलत नाही, आणि ब्रोन्या तो उचलत होती. मग काय झालं? आठवडाभर तो विचार करत राहिला. ती गोड बोलत होती. 'हो का?', 'बरं हो', 'तुला आवडेल तसं'. घरात एवढी शांतता झाली की घड्याळ ऐकू यायला लागलं. त्या घरात घड्याळ आहे हेच विकेंती विसरला होता!

दुसऱ्या आठवड्यात उत्तर मिळालं. तो वर्कशॉपमधून आला तर पलंगावर मोठी तपकिरी पेटी उघडी पडलेली. आत ब्रोन्याचा लोकरी घागरा, दोन स्वेटर आणि निळी शाल नीट घड्या घालून ठेवलेली. आणि ब्रोन्या स्वयंपाकघरात फोनवर बहिणीशी बोलत होती. बहीण यादविगा दहा वर्षांपूर्वी पोलंडला कायमची गेलेली. गावातली निम्मी पोलिश घरं अशीच एकेक करून गेली होती. आधी फोन, मग पेटी, मग दाराला आडव्या फळ्या.

"हो गं," ब्रोन्या म्हणत होती. "अवघड आहे, पण मनाशी ठरवलंय. ईस्टरपर्यंत निभावायचं. नाही, त्याला काही सांगितलेलं नाही."

विकेंती भिंतीला टेकला. ईस्टरपर्यंत! म्हणजे ईस्टर झाला की जाणार! आणि जायचंच ठरलं असेल तर माणूस कशाला भांडेल? ज्या घरात राहायचंच नाही तिथली जमीन कुणी घाण करेना का!

आता कुणीही म्हणेल, सरळ विचारायचं की! पण विचारलं तर उत्तर मिळालं असतं. त्या उत्तराला विकेंती भीत होता. ट्रॅक्टरखाली झोपून इंजिन उतरवणारा गडी, पण 'ब्रोन्या, तू चाललीस का?' एवढे चार शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

त्याने वेगळाच मार्ग काढला. ब्रोन्या दूध घालायला गेली की तो पेटीतला एकेक कपडा काढायचा आणि गोठ्यात गवताखाली लपवायचा. थंडीच्या दिवसांत स्वेटरशिवाय बाई प्रवासाला कशी निघेल? पहिल्या दिवशी शाल काढली. दुसऱ्या दिवशी घागरा. ब्रोन्या पेटीपाशी यायची, आत बघायची, विकेंतीच्या तेलकट डोक्याकडे बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि कपाटातून आणखी एक स्वेटर आणून ठेवायची. विकेंती तोही पळवायचा. कपाट रिकामं होत चाललं, गवत फुगत चाललं, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत होती. तो फादरांनी सांगितलं म्हणून हसत होता. ती का हसते, ते त्याला कळत नव्हतं, आणि तिचे दात ज्या तऱ्हेने दिसत होते, ते त्याला मुळीच आवडत नव्हतं.

त्यात ओराझबेकची भर पडली. दुकानासमोर त्याने विकेंतीला गाठलं.

"काय रे लेका, मेलास का?"

"नाही. बरा आहे," विकेंती हसतमुखाने म्हणाला.

"बारा दिवस! बारा दिवस पाट मांडून बसतोय मी. काय केलं मी तुझं?"

"काही नाही रे. वेळ मिळत नाही."

"वेळ मिळत नाही? आमची कुल्याश खिडकीतून रोज बघते तुला! सहाच्या ठोक्याला घरातून निघतोस, केस चोपडून. माझ्याकडे येत नाहीस. मग जातोस कुणाकडे? त्या येर्मेककडे? त्याला गोट्या मोजता येत नाहीत!"

"येर्मेककडे नाही जात."

"मग कुणाकडे?"

विकेंती नुसता हसत राहिला. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही.

"आणि हसतोस कशाला?" ओराझबेक ओरडला. "मी इथे जीव तोडून विचारतोय आणि हा दात काढतोय! सव्वीस वर्षं माझं मीठ खाल्लंस!"

"ओराझबेक, ईस्टरनंतर सगळं सांगतो."

"काही नको सांगूस!" म्हणून ओराझबेक पाठ फिरवून निघून गेला. विकेंतीला ते फार लागलं, पण चेहरा हसताच ठेवावा लागला. शेजारून जाणारी पोस्टवाली बाई दचकून रस्त्याच्या पलीकडे गेली.

त्याच आठवड्यात ओराझबेकची बायको कुल्याश चाळण मागायला ब्रोन्याकडे आली. विकेंती आत शिरला तेव्हा दोघी खुसफुसत होत्या. त्याला बघताच एकदम गप्प झाल्या. कुल्याश त्याच्या केसांकडे बघून म्हणाली, "भाऊजी, या वयात शोभतं का हे?" आणि चाळण न घेताच गेली. ब्रोन्याने लाटणं उचललं, दोन्ही हातांत घट्ट धरलं, परत जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "चहा घेणार का रे?"

विकेंतीला काहीच उमगेना. बायको जायला निघालेली, मित्र तुटलेला, पोस्टवाली घाबरलेली, आणि हे सगळं एका उपासापायी! साखर सोडली होती त्या वर्षी असलं काही झालं नव्हतं.

मग शुक्रवारी नौरूझ आला, कझाकांचा नववर्षाचा सण.

नौरूझला कझाकांच्या घरात मनात अढी ठेवून चालत नाही. भांडण असेल तर त्या दिवशी मिटवायचं, नाहीतर वर्षभर घरात बरकत नाही. हे विकेंतीला लहानपणापासून माहीत होतं. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात ओराझबेक नव्हता. सकाळीच ब्रोन्याने पेटीला दोरी बांधली होती. आत आता काय उरलं होतं देव जाणे, पण दोरी बांधली होती.

'आज बोलायचंच,' त्याने ठरवलं. 'पण आधी तालीम हवी.'

सहा वाजता तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून तो गोठ्यात शिरला. बाकावर बसला आणि मालिनाला म्हणाला, "हे बघ." पुढे काही सुचेना. गायीकडे बघून बायकोशी कसं बोलणार? त्याने गवतात हात घालून निळी शाल ओढून काढली आणि मालिनाच्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. आता जरा बरं वाटलं. मालिना शांतपणे रवंथ करत त्याच्याकडे बघत राहिली. ब्रोन्याही बोलायच्या आधी अशीच बघायची.

"राणी," विकेंती म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "राणी, जाऊ नकोस गं. मला ठाऊक आहे, मी बूट पुसत नाही. कुऱ्हाड मीच हरवली होती, नदीत पडली, मी आईचं नाव सांगितलं. पण तू गेलीस तर मी काय करू? तुझा आवाज नसला की घर खायला उठतं मला. रोज संध्याकाळी इथे येतो तो जीव मुठीत धरून. तूच आहेस माझं सगळं—"

दार धाडकन उघडलं.

दारात ब्रोन्या, हातात बर्फ उपसायचं फावडं. तिच्यामागे ओराझबेक, नव्या झग्यात, दोन्ही हातांत मोठी परात, परातीत उकडलेलं मेंढ्याचं मुंडकं, वाफाळणारं. त्याच्यामागे कुल्याश. आणि सगळ्यांत मागे, टोपी छातीशी धरून, फादर तादेऊश.

"कुठे आहे ती?" ब्रोन्या गरजली.

"कोण?"

"ती! जिला राणी म्हणतोयस! अठ्ठावीस वर्षांत मला एकदा राणी म्हणाला नाहीस!"

विकेंतीने मुकाट्याने मालिनाकडे बोट दाखवलं. मालिनाने शालीतून मान वळवली आणि हंबरली.

ब्रोन्याने गायीकडे बघितलं. शालीकडे बघितलं. तिची मान लाल झाली, कान लाल झाले, आणि मग सोळा दिवसांचा बांध फुटला!

"माझी शाल! आईने विणलेली शाल गायीला! अरे घरात तेलाचा थेंब शिल्लक नाही, तीन बाटल्या डोक्यावर ओतल्यास, मी बटाटे पाण्यात शिजवतेय! जमिनीवर बर्फाचे बूट घालून गोल चक्कर मारतोस, गोल! सरळ चालायला काय झालं होतं? आणि कुऱ्हाड! कुऱ्हाड तू हरवलीस? वीस वर्षं तुझ्या आईला बोलले मी, ती बिचारी मरेपर्यंत म्हणत राहिली की मी नाही नेली, मी नाही नेली! देवा, मी तिची कशी माफी मागू आता? आणि कपडे! हे गवतात काय आहे? माझा घागरा! माझे स्वेटर! हे काय, हे माझं—"

तिने जे ओढून काढलं ते बघून फादर तादेऊशनी घाईने छताकडे बघितलं.

विकेंती बाकावर बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बोल, ब्रोन्या," तो म्हणत होता. "बोल गं! थांबू नकोस!"

आणि ब्रोन्या थांबली. तिने एकदम तोंडावर हात दाबला.

"फादर!" ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "मोडला! सोळा दिवस पाळला होता हो! एक वावगा शब्द काढला नव्हता! कुल्याश म्हणाली, हा त्यांच्याकडे फिरकतच नाही, तरी जीभ चावून गप्प राहिले. आणि आज या माणसाने मोडला माझा उपास!"

सगळ्यांनी विकेंतीकडे बघितलं. फक्त मालिना रवंथ करत होती.

"उपास?" विकेंती म्हणाला. "तू बोलणं सोडलं होतंस?"

"बोलणं कशाला सोडेन? तुला बोलणं सोडलं होतं! फादरच म्हणाले ना, ज्याच्यावाचून अडतं ते सोडा!"

"म्हणजे तू पोलंडला जात नाहीयेस?"

"पोलंडला? यादविगाकडे? तिच्या दोन खोल्यांत? तिसऱ्या दिवशी एकमेकींच्या झिंज्या उपटू आम्ही!"

"मग पेटी?"

"काकू ती मला देणार होत्या," फादर तादेऊश खाकरून म्हणाले. "गरिबांसाठी. म्हणजे, आत काही राहिलं असतं तर."

"रोज भरतेय आणि रोज रिकामी होतेय!" ब्रोन्या ओरडली. "मला वाटलं, नेऊन घालतोय कुणाच्या तरी अंगावर!"

विकेंती उठला.  ती कुठेही जात नव्हती! त्याने सगळं सांगून टाकलं, तेलापासून गोठ्यापर्यंत. ओराझबेक परात घेऊन ऐकत उभा होता. त्याचे हात भरून आले होते, पण आता खाली कुठे ठेवणार?

"म्हणजे तू माझ्यावर रागावलेला नव्हतास?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"मग मी मेंढा कशासाठी कापला? तुमच्या फादरना मध्यस्थीला घेऊन आलो! लोक उपासाला मांस सोडतात, दारू सोडतात. तू मला सोडलंस?"

"सगळ्यांत आवडतं तेच सोडायचं होतं," विकेंती पुटपुटला.

ओराझबेकचे डोळे भरून आले. त्याने तोंड फिरवलं. "सगळ्यांत आवडतं," तो कुल्याशला म्हणाला. "ऐकलंस?"

"ऐकलं," ब्रोन्या म्हणाली. "सगळ्यांत आवडतं. ओराझबेक."

विकेंतीने जीभ चावली. पण तेवढ्यात ओराझबेकने परात पुढे केली. समेटाचं मुंडकं! ते हातात घेतलं नाही तर मैत्री कायमची संपली. आणि घेतलं, तर शुक्रवार! उपवासकाळातला शुक्रवार, मांसाला शिवायचं नाही! विकेंतीने मुंडक्याकडे बघितलं, मग फादरांकडे बघितलं. मुंडकंही फादरांकडेच बघत होतं.

"आजच्यापुरती परवानगी आहे, काका," फादर तादेऊश घाईने म्हणाले. "शेजाऱ्याने समेटाला आणलेलं अन्न आहे. घ्या, माझ्या जबाबदारीवर घ्या."

मग सगळे घरात आले. विकेंतीने सुरी घेतली आणि रिवाजाप्रमाणे मुंडक्याचा कान कापला. कान नेहमी बसलेल्यांतल्या सगळ्यांत धाकट्याला द्यायचा, म्हणजे तो मोठ्यांचं ऐकतो. सगळ्यांत धाकटे फादर तादेऊश होते. ते कान चघळत बसले आणि बराच वेळ चघळत राहिले, कारण तो संपत नव्हता.

ब्रोन्या मात्र एका कोपऱ्यात डोळे पुसत होती. "माझा तर गेलाच की हो, फादर. सोळा दिवस पाण्यात. पुन्हा सुरू करायचं म्हटलं, तर महिनाभर अजून जीभ दाताखाली धरायची. नाही जमायचं मला."

फादर तादेऊश चांगल्या मनाचे होते आणि तोंडात कान होता, त्यामुळे त्यांनी बोलायच्या आधी विचार केला नाही.

"जमेल हो काकू! आणि सलग कुठे करायचंय? रविवार या चाळीस दिवसांत मोजतच नाहीत. रविवारी उपास नसतोच."

ब्रोन्याने डोळे पुसायचे थांबवले.

"काय म्हणालात?"

"रविवार सणाचा दिवस. त्या दिवशी सोडलेली गोष्ट चालते."

"दिवसभर?"

"दिवसभर," फादर म्हणाले. मग त्यांनी विकेंतीकडे बघितलं आणि चघळायचे थांबले.

रविवारी पहाटे साडेपाचला ब्रोन्याने विकेंतीला हलवून उठवलं. "झोपलास काय? आज रविवार!" ती म्हणाली, आणि कुऱ्हाडीपासून सुरुवात केली. विकेंती उशीवर डोकं ठेवून ऐकत राहिला. त्याला फार सुख वाटलं. चर्चमध्ये मिस्साला जाताना रस्ताभर आणि येताना रस्ताभर ऐकलं. अकरा वाजेपर्यंत सुख टिकलं. दुपारी तेलाचा विषय निघाला, मग शालीचा, मग 'सगळ्यांत आवडतं' हा विषय निघाला आणि तो संध्याकाळपर्यंत पुरला. सहा वाजता ओराझबेक पाट काखेत मारून खिडकीबाहेर आला. रविवारी विकेंतीलाही खेळायची मुभा होती ना! त्याने आत बघितलं, थोडा वेळ उभ्या उभ्या ऐकलं, आणि हळूच परत गेला.

सोमवारी घर पुन्हा शांत झालं. ब्रोन्या गोड हसत होती, चहा हातात आणून देत होती. विकेंतीला आता काही भीती नव्हती. ती इथेच होती, कुठेही जाणार नव्हती, आणि आपल्या बायकोसारखी बायको गावात नाही असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या भरात मंगळवारी तो तिला मदत करायला फळीवर चढला आणि चेरीच्या मुरंब्याची मोठी बरणी त्याच्या हातातून सुटली. नुकत्याच पुसलेल्या जमिनीवर, भिंतीवर, तिच्या धुतलेल्या पडद्यांवर, सगळीकडे लालच लाल!

ब्रोन्याने बघितलं. तिची मान लाल झाली. मग ती खाली वाकली, शांतपणे एकेक काच उचलली आणि विकेंतीकडे बघून अगदी प्रेमाने हसली.

"असू दे रे," ती म्हणाली. "आज मंगळवार आहे."